काठी हाती देण्यापूर्वी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची तयारी चालू असताना कमिटीच्या बैठकीत एक विषय निघाला आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले. विषय तसा साधा. शहापूरला जाऊन कराटे शिकणाऱ्या आपल्याच काही पोरांनी विचारले होते, की आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराच्या सभागृहात वर्ग भरवला तर चालेल का? डोळखांबहून शहापूरला एस.टी.ने जायचे, अंधार पडल्यावर परत यायचे, पावसाळ्यात गाडी वेळेवर येईल याची खात्री नाही. मुलांचे एकवेळ निभते, मुलींना घरून सोडतच नाहीत.

एका ज्येष्ठ उपासिकेने स्पष्टच विचारले, "जिथं बसून आपण पंचशील घेतो, तिथंच लाथाबुक्क्या शिकवायच्या का रे?" त्यावर मागे बसलेल्या एका पोराने उत्तर दिले, "आजी, मग मार खात बसायचं का?" दोघांचे बोलणे ऐकून सभा थोडा वेळ गप्प झाली. आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. स्मरणिकेत दरवर्षी एक इतिहासाचा लेख असतोच. यंदा याच प्रश्नाच्या निमित्ताने जुनी पाने चाळावीत असे ठरले. ताकदीची विद्या शिकवणाऱ्या जागांनी आजवर कोणाला आत घेतले आणि आत घेताना त्याच्याकडून काय कबूल करून घेतले, एवढेच आम्ही शोधत गेलो.

सुरुवात आपल्या घरापासूनच करावी लागेल. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात काठी नव्हती असे नाही. वेसकराची काठी होती, तराळाची काठी होती. रात्री वेशीवर पहारा द्यायचा, सरकारी सारा पोचवायचा, गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, हे सगळे त्या काठीच्या जोरावर चालत होते. पण ती काठी गावाची होती. ती कोणासाठी उगारायची हे धरणाऱ्याने ठरवायचे नव्हते. स्वतःच्या लेकीबाळींवर कोणी हात टाकला तर तीच काठी निमूट खाली ठेवावी लागे. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि ती काठी सुटली. कित्येक घरांनी त्याआधीच, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून, ती टाकून दिली होती.

आता तालमीकडे पाहू. तालमीचे नियम आपल्याकडे कोणी लिहून भिंतीवर लावत नव्हते, पण ते सगळ्यांना ठाऊक असत. चपला बाहेर. लाल मातीला आधी हात लावून तो कपाळाला लावायचा. वस्तादाला सलामी द्यायची. व्यसन करायचे नाही, लंगोटाचा पक्का राहायचे, आणि तालमीत शिकलेला डाव रस्त्यावरच्या भांडणात काढायचा नाही. बाहेर मारामारी करून आलेल्या पोराला वस्ताद हौद्यात उतरू देत नसे. हे सगळे नियम चांगलेच होते. पण त्यांच्याही आधी एक नियम होता, जो कोणी बोलूनही दाखवत नसे. गावच्या तालमीत अस्पृश्याच्या पोराला मातीत पायच ठेवू देत नव्हते. चारित्र्याची परीक्षा पुढची गोष्ट. जन्माची परीक्षा दारातच होऊन जाई.

हा नियम पुण्यात एका वस्तादाने उलटा करून दाखवला. लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४ चा. मांग समाजातले हे घराणे शस्त्रविद्येत नावाजलेले. लहुजींचे वडील खडकीच्या लढाईत, म्हणजे १८१७ साली, इंग्रजांशी लढताना पडले अशी परंपरा आहे. लहुजींनी पुण्यात तालीम उघडली आणि तिथे दांडपट्टा, निशाणबाजी, कुस्ती शिकवू लागले. जोतिराव फुले आणि त्यांचे ब्राह्मण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे तरुणपणी याच लहुजीबुवांकडे शिकले. वासुदेव बळवंत फडकेही तिथले, असे सांगतात. विचार करा, ज्याची सावली टाळायची अशी रीत, त्याच्यापुढे वाकून सलामी दिल्याशिवाय विद्या मिळणार नाही! लहुजींनी कोणाला जात विचारून परत पाठवले असते, तर त्या काळी त्यांना कोणी दोषही दिला नसता. त्यांनी दार उघडे ठेवले.

आणि त्या तालमीतली ताकद पुढे कुठे खर्च झाली हेही पाहण्यासारखे आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, नंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा या शाळांना विरोध करणारे कमी नव्हते. अशा वेळी लहुजीबुवा आणि राणबा महार यांनी घरोघर जाऊन आपल्या लोकांची समजूत घातली, पोरे शाळेत आणून बसवली. लहुजींच्याच घराण्यातली मुक्ता त्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पट्टा फिरवणारा हात शाळेच्या दाराशी उभा राहिला, म्हणून आतली पाटी-पेन्सिल चालली. आम्हाला तर लहुजींच्या तालमीचा सर्वांत मोठा डाव हाच वाटतो. १८८१ साली ते गेले. त्यांची समाधी पुण्यात संगमवाडीला आहे. सहलीची गाडी पुण्याला जाते तेव्हा तिथे थांबायला हरकत नाही.

यानंतर दार पुन्हा बंद झाले, आणि या वेळी ते सरकारने लावले. ज्या महारांनी कंपनीच्या पलटणीत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली, त्यांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास थांबवली. 'लढाऊ जाती' नावाचे एक खूळ निघाले होते. कोण शूर आणि कोण नाही हे म्हणे जन्मावरूनच कळते. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. आपले सुभेदार रामजी सकपाळही त्या खटपटीत होते. पुढे पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा महारांची पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावला. असो, तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात ठेवू, की १९२७ साली महाडला जे लोक जमले त्यांत असे पलटणीतून आलेले, कवायत अंगात मुरलेले पेन्शनर होते.

महाडची हकीगत आपण दरवर्षी ऐकतो, पण तिच्यातला एक भाग या विषयाच्या दृष्टीने पुन्हा सांगायला हवा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले. वीरेश्वराच्या देवळात हे शिरणार अशी अफवा गावात उठवली गेली आणि काठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून आला. लोक जेवत होते. अन्न मातीत गेले, माणसे रक्तबंबाळ झाली. बाबासाहेब तेव्हा सरकारी बंगल्यात उतरले होते. तिथे जमलेल्या आपल्या माणसांत जुने शिपाई होते, तरुण होते, आणि त्यांचे हात शिवशिवत होते. एका शब्दाची देर होती. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. शांत राहा, शिस्त सोडू नका, आपण कायद्याच्या रस्त्याने जाऊ, असे त्यांनी बजावले. आणि त्या लोकांनी ऐकले. पुढे खटला चालला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आजीबाईंना आम्ही हेच सांगू इच्छितो, की ज्याला मारता येत नाही त्याने हात आवरला यात विशेष काही नाही. त्या दिवशी महाडात हात आवरणाऱ्यांना मारता येत होते.

याच सुमारास समता सैनिक दल उभे राहिले. सभेला बंदोबस्त हवा, आपल्या माणसांना संरक्षण हवे आणि तरुणांना शिस्त हवी, अशी तिहेरी गरज त्यामागे होती. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला परिषद भरली तेव्हा २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहाला तयार असणाऱ्यांची नोंद घेतली गेली. ३,८८४ नावे लागली. नाव देणे म्हणजे तुरुंगात जायची तयारी. सत्याग्रहींनी प्रतिज्ञा घ्यायची होती, तिच्यात जन्मावरची वर्णव्यवस्था मानणार नाही, जातिभेद मानणार नाही, अशी कलमे होती. म्हणजे आत येण्याची अट कोणत्या घरात जन्मलास ही नव्हती. काय मानायचे सोडलेस ही होती. आणि इतकी तयारी झाल्यावर, कोर्टाचा मनाई हुकूम आला म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला सांगितले. लोक नाराज झाले. तरी रांगेने तळ्याला फेरी घालून शांतपणे परतले. तळ्याचा निकाल हायकोर्टात लागायला १९३७ साल उजाडले, पण लागला तो आपल्या बाजूने.

नाशिकला मात्र गोष्ट वेगळी झाली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पुरुषांच्या बरोबरीने बायका दरवाजांवर बसल्या. एप्रिलमध्ये रथाचा दिवस आला तेव्हा एक तडजोड ठरली, की दोन्ही बाजूंच्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. आपले तगडे गडी तयार होऊन गेले. पण हात लावायच्या आतच समोरच्यांनी रथ पळवला, अरुंद गल्लीत नेला आणि वरून दगड सुरू झाले. शब्द दिला होता आणि तो मोडला. ताकद दोन्हीकडे होती. दिल्या शब्दाला जागण्याचा नियम एकाच बाजूला होता, असे आम्हाला ही हकीगत वाचताना वाटते.

नियम पाळणाऱ्याने मग किती सोसायचे? हा प्रश्न बाबासाहेबांना कोणी विचारला नसेल असे नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरला समता सैनिक दलाची परिषद झाली. तिथे ते या विषयावर बोलले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की मी अहिंसा मानतो, पण अहिंसा आणि लाचारी यांत फरक करतो. प्राणिमात्रावर दया आणि दुष्टाचा बंदोबस्त, अशी दोन्ही अंगे अहिंसेत येतात, असे सांगताना त्यांनी तुकोबांचा आधार घेतला. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहितानाही त्यांनी मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत भेद केलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय आला तेव्हा व्यवस्था ठेवायला हेच दल उभे होते. काठी हातात होती, आणि काम होते म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाट करून देण्याचे.

आता कराटेकडे वळू, कारण वर्ग त्याचा आहे. कराटेची जागा म्हणजे 'दोजो'. पोरे हा शब्द रोज बोलतात, पण त्याचे मूळ त्यांना ठाऊक नव्हते. बुद्धगयेला ज्या जागी सिद्धार्थाला सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्या जागेला बोधिमंड म्हणतात. चिनी भिक्षूंनी या शब्दाचे भाषांतर केले, ते जपानात गेले आणि तिथे त्याचा उच्चार झाला दोजो. आधी विहारातल्या साधनेच्या जागेला दोजो म्हणत. तलवारीच्या नि कुस्तीच्या आखाड्याला ते नाव नंतर मिळाले. म्हणजे शब्द आपल्याकडून तिकडे गेला आणि पांढऱ्या पोशाखात परत आला.

दुसरी गोष्ट तर थेट आपल्या सभागृहाशी जुळते. कानो जिगोरो नावाचा एकविशीतला तरुण. लहानपणी अंगाने किरकोळ, म्हणून शाळेत मोठी पोरे त्याला छळत. त्यापायी तो जुजुत्सू शिकला. १८८२ साली त्याने तोक्योमध्ये आपली शाळा काढली, कोदोकान. जागा कुठली? एइशोजी नावाचे बौद्ध मंदिर. बारा चटया आणि नऊ शिष्य. यातूनच ज्युदो जगभर गेला आणि १९६४ साली तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. पण सुरुवातीला मंदिराच्या भिक्षूंचा जीव मेटाकुटीला आला होता. पोरे आपटली की जमीन हादरे, मृतांच्या स्मरणाच्या पाट्या खाली पडत. फळ्या मोडल्या की कानो स्वतः कंदील घेऊन जमिनीखाली शिरून दुरुस्ती करी. आपल्या कमिटीतही सभागृहाच्या फरश्यांची काळजी एकाने बोलून दाखवली होती. त्यांना हा दाखला देऊन ठेवतो.

कानोकडे आत येताना लेखी शपथ द्यावी लागे. योग्य कारणाशिवाय शिक्षण अर्धवट सोडणार नाही, आखाड्याच्या नावाला काळिमा लावणार नाही, परवानगीशिवाय गुपिते सांगणार नाही, परवानगीशिवाय दुसऱ्याला शिकवणार नाही, नियम पाळीन. ही रीत त्याहूनही जुनी आहे. पंधराव्या शतकात निघालेल्या कातोरी शिंतो-र्यू या तलवारीच्या परंपरेत नवा शिष्य बोट टोचून रक्ताचा ठसा उमटवतो. विद्येचा गैरवापर नाही, भांडणे उकरणे नाही, जुगार नाही, वाईट ठिकाणी जाणे नाही, आणि गुरूच्या आज्ञेशिवाय दुसऱ्या परंपरेच्या माणसाशी सामना नाही. शिकलेले नात्यातल्या माणसालाही सांगायचे नाही. याच परंपरेत 'हेइहो' या शब्दावर एक श्लेष सांगतात: एका अक्षराने लिहिला तर युद्धाची विद्या, दुसऱ्याने लिहिला तर शांततेची, उच्चार एकच. कराटेचे गुरू फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर होते. पहिला वार आपला नसावा, हे त्यांनी आपल्या वीस नियमांत घालून दिले.

यातले पुष्कळसे आपल्या पंचशीलाशी आणि तालमीच्या रीतीशी किती जुळते, हे सांगायला नको. पण सगळेच जसेच्या तसे घ्यावे असे आम्हाला वाटत नाही, आणि बैठकीत आमचे खरे भांडण झाले ते इथे.

एक तर गुपिताचे कलम. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितले आहे, की मी काही मुठीत झाकून ठेवणारा आचार्य नाही. आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला आहे. ज्यांना हजारो वर्षे विद्या झाकूनच ठेवली गेली, त्यांच्या विहारात झाकलेली मूठ कशी चालेल? दुसरे, निमूट आज्ञापालन. जपानात हीच शपथ, हीच शिस्त विसाव्या शतकात लष्कराच्या कामी लावली गेली. आखाडे युद्धाच्या तयारीचे झाले, शेजारच्या देशांवर काय गुदरले हे सर्वांना माहीत आहे. आणि दुर्दैव असे, की तिथल्या कित्येक बौद्ध धर्मगुरूंनीही त्याला आशीर्वाद दिले. १९४५ च्या पराभवानंतर शाळांतून ही विद्या काही वर्षे बंदच करावी लागली. माणूस जुगार खेळत नव्हता, गुरूला नमस्कार करत होता, आणि तरीही ज्याच्यावर तलवार चालवली तो निरपराध होता. कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आपण पोरांना वंदनेनंतर समजावतो. मग मास्तरांनी सांगितले म्हणून केले, हे उत्तर आपल्या वर्गात चालू नये.

एक गोष्ट मात्र दोजोकडून जरूर घ्यावी. तिथे मोठेपणा वयाने किंवा घराण्याने ठरत नाही. कोण आधी आत आला आणि किती शिकला यावर ठरतो. वाचकांना उपाली आठवला असेल. शाक्यांचे राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. त्या राजपुत्रांनीच भगवंतांना विनंती केली, की आधी याला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून संगीतीत याच उपालीला प्रश्न विचारले गेले.

उपालीची ही गोष्ट दुसऱ्या बैठकीत कामाला आली. कारण तिथे सूर असा निघाला, की वर्ग आपला, जागा आपली, मग पोरेही फक्त आपलीच घ्यावीत. गावच्या पोरांना शिकवायचे आणि उद्या त्यांच्याच हातचा मार खायचा का, असेही एक जण बोलून गेले. हा राग कुठून येतो हे आम्हाला समजते. तो उगाच आलेला नाही. पण पाड्यावरची ठाकर-कातकऱ्यांची पोरे, कुणब्यांच्या आळीतली पोरे दारात उभी राहिली आणि आपण जात विचारली, तर लहुजीबुवांच्या तालमीचे नाव घ्यायचा आपल्याला अधिकार उरत नाही, असे आमचे मत पडले. बरीच चर्चा झाली. हात वर करून मते घेतली. दार सर्वांना उघडे ठेवायचे ठरले, थोड्याच मतांनी का होईना.

नियमांचा कागद तयार झाला आहे. व्यसन नाही. बाहेर पहिला हात उचलायचा नाही. उचलला तर कमिटीपुढे यायचे, आणि काय घडले ते पोराने स्वतः सांगायचे. मुलींची रांग मागे नाही. मास्तरांना प्रश्न विचारायची मुभा. शिकलेले घरी धाकट्या भावंडांना जरूर दाखवायचे. वर्गाआधी पाच मिनिटे शांत बसायचे. ज्याला त्रिशरण-पंचशील म्हणायचे त्याने म्हणावे, दुसऱ्यावर सक्ती नाही. शपथ रक्ताची नाही, सहीची; ज्याला सही येत नाही त्याला आधी ती शिकवायची. चुकून दोघांतिघांच्या आयांनाही त्या निमित्ताने सही शिकायची आहे, असे कळले.

आजीबाईंनी अजून संमती दिलेली नाही. "बघते पहिल्या दिवशी येऊन," एवढेच त्या म्हणाल्या. नावे घेण्याची वही विहारात ठेवली आहे. जो आधी येईल त्याचे नाव वर.